पक्षी दिसला, आता वही उघडा

रानपिंगळा हे ठेंगणं, मोठ्या डोक्याचं घुबड. १८८४नंतर ११३ वर्षं ते कुणा अभ्यासकाला रानात सापडलं नव्हतं. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे जेमतेम सात नमुने होते आणि नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीवर असायचं ते एवढंच: कधी मिळाला, कुठे मिळाला, कुणी मिळवला. त्यातल्या एका चिठ्ठीवर १९१४ साल होतं आणि गुजरातमधल्या मांडवीचं नाव. हा नमुना रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो बारकाईने तपासला, तेव्हा कातडं भरण्या-शिवण्याची मूळ पद्धत जेम्स डेव्हिडसन या दुसऱ्याच संग्राहकाची निघाली. डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात जमवलेला नमुना चोरून, उसवून, नव्याने भरून त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती. ही खोटी नोंद वगळून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धुंडाळली. नोव्हेंबर १९९७मध्ये सातपुड्याच्या पायथ्याला, शहाद्याजवळ, रानपिंगळा दिवसाउजेडी झाडावर बसलेला सापडला.

आता आपण पक्षी मारून चिठ्ठी बांधत नाही. पाहतो आणि लिहितो. नमुना हाताशी नसल्यामुळे लिहिण्याची जबाबदारी उलट वाढली आहे. पक्षी उडून गेला की पुरावा म्हणून आपण लिहिलेलं तेवढंच उरतं, आणि ते अशा माणसाने वाचायचं असतं जो तिथे नव्हता, कदाचित अजून जन्मलाही नाही. ही पोस्ट त्या वाचणाऱ्याचा विचार करून नोंद कशी करावी याबद्दल आहे.

माणूस पक्ष्यांकडे पाहतोय तो काही कालपासून नाही. प्राचीन ग्रीसमधला शेतकरी क्रौंचांचा आवाज आकाशातून ऐकला की नांगरणीला लागायचा. रोममध्ये पक्ष्यांच्या उडण्यावरून, खाण्यावरून शकुन पाहणारे अधिकृत पुरोहित होते. पाहणं भरपूर होतं, पण तारीख-ठिकाण लिहून ठेवणं फार थोडं. म्हणूनच भिंगऱ्या हिवाळ्यात तळ्याच्या चिखलात झोपून राहतात, ही समजूत युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांनीही अठराव्या शतकापर्यंत सोडली नव्हती. १८२२मध्ये जर्मनीत क्लुट्झजवळ एक पांढरा करकोचा सापडला, त्याच्या मानेत मध्य आफ्रिकेतला लांब भाला आरपार रुतलेला होता. पक्षी स्थलांतर करतात याचा इतका ढळढळीत पुरावा आधी कुणाच्या हाती आला नव्हता. तो करकोचा आजही रोस्टॉक विद्यापीठात जपून ठेवलेला आहे. पुढे १८९९मध्ये डेन्मार्कमधल्या व्हिबोर्गचे शिक्षक हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन यांनी १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात क्रमांक कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची कडी घातली. आधी त्यांनी जस्ताची कडी करून पाहिली होती, ती जड झाली. कड्यावर क्रमांक आणि वहीत त्या क्रमांकासमोर तारीख, जागा. वहीशिवाय ते कडं म्हणजे नुसता पत्रा.

वही आणि पेन्सिल

वही खिशात मावेल एवढी, साधारण १० × १५ सेंटीमीटरची, जाड पुठ्ठ्याची आणि शिवलेल्या बांधणीची घ्या. स्पायरलची पानं खिशात घासून घासून सुटतात आणि नेमकं महत्त्वाचं पान हरवतं. पानं कोरी किंवा चौकटीची असावीत, कारण त्यावर चित्रंही काढायची आहेत. पहिल्याच दिवशी सगळ्या पानांवर क्रमांक घालून टाका.

बाहेर लिहायला पेन्सिलच. जेलची शाई पावसाच्या एका थेंबाने पसरते आणि बॉलपेन ओलसर कागदावर उठत नाही. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही, भिजलेली वही वाळवली की अक्षर होतं तसं दिसतं. एचबी पुरते. त्याहून फार मऊ पेन्सिल असली तर समोरासमोरची पानं घासून अक्षर धुरकट होतं, आणि फार कडक असली तर दमट कागद फाटतो. पेन्सिल दोऱ्याने वहीलाच बांधा.

खोडरबर मात्र घरी ठेवा. चुकलेलं एका आडव्या रेघेने खोडायचं, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. आधी काय वाटलं होतं आणि मत कधी बदललं, हेसुद्धा नोंदीचा भाग आहे. सहा महिन्यांनी खोडलेलंच बरोबर निघण्याची शक्यता असतेच.

मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये नोंद करायला माझा मुळीच विरोध नाही. जागा, वेळ आणि चाललेलं अंतर ते आपोआप टिपतं, यादी थेट मोठ्या संकलनात जाते. कॉर्नेल आणि ऑड्युबॉन या संस्थांनी २००२मध्ये सुरू केलेल्या ई-बर्डसारख्या व्यवस्थेमुळे घरात पडून राहिल्या असत्या अशा नोंदी संशोधकांपर्यंत पोचू लागल्या. पण छोट्या पडद्यावर माणूस वर्णन लिहायचा कंटाळा करतो. नाव आणि आकडा टाकून मोकळा होतो. नावं-आकडे अ‍ॅपमध्ये आणि वर्णन, चित्र, वागणूक वहीत, अशी वाटणी मला सगळ्यात कामाची वाटते.

पानाचं डोकं

पक्षी दिसण्याच्या आधी पानाचं डोकं भरून ठेवायचं. नंतर भरू म्हटलं की राहतंच.

तारखेत महिना अक्षरांत आणि वर्ष चारही आकड्यांत लिहा. ‘३/४’ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे दुसऱ्या देशातल्या वाचकाला कळणार नाही. वेळ सुरू केल्याची आणि संपवल्याची, दोन्ही; चोवीस तासांच्या पद्धतीने लिहिली तर सकाळ-संध्याकाळचा घोळ होत नाही. ठिकाणासाठी ‘तळ्याकाठी’ पुरत नाही: कोणता काठ, कुठून कुठपर्यंत. अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीने चार स्थळांपर्यंत लिहिले तर जागा साधारण ११ मीटरच्या आत नेमकी होते, त्याहून जास्त अचूकता लागत नाही. किती अंतर चाललात आणि बरोबर किती जण होते तेही लिहा. चार जणांच्या आठ डोळ्यांना एकट्यापेक्षा जास्त पक्षी दिसतात, आणि हे लिहिलं नाही तर पुढचा वाचक पक्षी वाढले असं समजेल.

हवामान मोघम नको. आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातले किती ढगांनी झाकले आहेत ते लिहा: ०/८ ते ८/८. वाऱ्यासाठी, त्याचा जोर आकड्यांत सांगणाऱ्या बोफर्ट मापनाची झाडांवरून ओळखायची खूण वापरता येते. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर ३. धूळ आणि सुटे कागद उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या तर ४. चारच्या पुढे छोट्या पक्ष्यांचे आवाज वाऱ्यात बुडतात आणि पानांच्या हालचालीत त्यांची हालचाल दिसत नाही. त्या दिवशीचा कमी आकडा पक्ष्यांचा नसतो, वाऱ्याचा असतो.

ओळख न पटलेला पक्षी

इथे सगळ्यात जास्त नोंदी बिघडतात, म्हणून इथे मी जरा थांबणार आहे.

पहिला नियम: पक्षी समोर आहे तोवर ओळखपुस्तक उघडायचं नाही. पुस्तकातलं चित्र पाहिलं की डोळे त्या चित्रातल्या खुणा समोरच्या पक्ष्यावर शोधू लागतात, आणि न दिसलेली भुवईही ‘बहुतेक होती’ असं वाटायला लागतं. आधी पाहा, मग लिहा, पक्षी गेला की आणखी लिहा, आणि मगच पुस्तक. पुस्तक पाहिल्यावर सुचलेलं काही भर म्हणून लिहायचं असेल तर एक रेघ मारून तिच्याखाली लिहा.

पाहण्याचा क्रम ठरलेला असू द्या. आधी आकारमान, तेही ओळखीच्या पक्ष्याशी ताडून: चिमणीपेक्षा लहान, साळुंकीएवढा, कावळ्यापेक्षा मोठा. सेंटीमीटरमध्ये अंदाज करू नका, दुर्बिणीतून लांबी कळत नाही. उघड्या आकाशासमोरचा पक्षी मोठा भासतो आणि धुक्यातला तर फारच मोठा. शेजारी ओळखीचा पक्षी असेल तर ती तुलना सोन्यासारखी, ती नक्की लिहा. नंतर घडण: चोच किती लांब (डोक्याच्या लांबीच्या निम्मी, तेवढीच, की दुप्पट), सरळ की वाकडी, टोकाला जाड की निमुळती, शेपटी पंखांच्या टोकांपुढे किती उरते, पाय लांब की आखूड, बसणं ताठ की आडवं. रंग फसवतो, पण घडण फारशी फसवत नाही.

मग रंग, तेही डोक्यापासून शेपटीपर्यंत, एकही भाग न गाळता: माथा, भुवई, चोचीपासून डोळ्यातून मागे जाणारी पट्टी, गाल, कंठ, छाती, पोट, शेपटीखालचा भाग, मग वरून मान, पाठ, पंख, त्यावर फिकट पट्टे आहेत का आणि किती, कंबर, शेपटी, शेपटीच्या कडेची पिसं. शेवटी डोळा, चोच, पाय. जे दिसलं नाही तिथे ‘दिसलं नाही’ असं लिहा. ‘पाय गवतात लपलेले’ ही उत्तम नोंद आहे. रिकामी सोडलेली जागा मात्र वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही: पाय पाहायचे राहिले, की पाहिले पण लिहायचे राहिले?

प्रकाश कुठून येत होता ते दर वेळी लिहा. सूर्य पक्ष्याच्या मागे असेल तर तपकिरी पक्षी काळा दिसतो आणि पोटावरचे ठिपके नाहीसे होतात. उगवतीच्या-मावळतीच्या उन्हात पांढरं पोट पिवळसर, तांबूस दिसतं. पावसात भिजलेली पिसं एक-दोन छटा गडद होतात. पिसं झडण्याच्या काळात शेपटी आखूड किंवा दुभंगलेली दिसते आणि त्यावरून माणसं भलतीच जात ठरवतात. क्वचित एखाद्या ओळखीच्या पक्ष्यात रंगद्रव्याचा अभाव असतो आणि अंगावर पांढरे डाग येतात. डावी-उजवी बाजू सारखी नसेल, एकाच पंखात दोन पांढरी पिसं असतील, तर नवी जात शोधण्याआधी हा विचार करा.

चित्र काढायला चित्रकला यावी लागत नाही. शरीरासाठी एक आडवी अंडाकृती, डोक्यासाठी वर्तुळ, चोच, शेपटी, पाय यांच्या रेघा, आणि बाणांनी खुणा: ‘इथे पांढरा पट्टा’, ‘कडा तांबूस’. शब्दांत तीन ओळी खाणारी गोष्ट एका बाणात होते. पक्षी अर्ध्या मिनिटात उडाला तर आधी चित्र, मग शब्द.

आवाजासाठी आपल्याला ऐकू आली तशी अक्षरं लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. पट्टी वर चढते की खाली उतरते ते रेघेने दाखवा, एका सेकंदात साधारण किती सूर, किती वेळ चाललं, किती वेळ थांबून पुन्हा सुरू झालं. गिल्बर्ट व्हाइट यांनी अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये दिसायला जवळजवळ सारखे असलेले तीन पर्ण-वटवटे वेगळे ओळखले, ते मुख्यतः कानाच्या बळावर. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करत असाल तर हात स्थिर ठेवा, कारण बोटांची घसट पक्ष्यापेक्षा मोठी नोंदते. निदान अर्धं मिनिट चालू द्या आणि शेवटी आपल्याच आवाजात तारीख, वेळ, जागा बोलून टाका. फाइलचं नाव बदलू शकतं, आत बोललेलं तसंच राहतं.

एवढं करूनही जात पटली नाही तर ‘वटवट्या, जात नक्की नाही’ असं लिहायचं. यात कमीपणा काहीच नाही. चुकीच्या नावाने लिहिलेला पक्षी पुढे कुणाला दुरुस्त करता येत नाही, पण नीट वर्णन असलेला बिननावाचा पक्षी वीस वर्षांनीही ओळखता येतो.

वागणूक लिहिताना क्रियापदं वापरा. ‘रागावला’ हा आपला अर्थ झाला. ‘शेपटी उभारली, पंख खाली सोडले, दोन वेळा समोरच्यावर झेपावला’ हे पक्ष्याने केलेलं. अर्थ लावायचाच असेल तर वेगळ्या ओळीत लावा.

मोजणी

‘खूप’, ‘बरेच’, ‘भरपूर’ हे शब्द वहीतून हद्दपार करावेत. वाईट अंदाजही ‘खूप’पेक्षा बरा, फक्त तो अंदाज आहे एवढं लिहिलेलं हवं.

तीस-चाळीस पक्ष्यांपर्यंत एकेक मोजता येतो. त्यापुढे तुकडे पाडायचे. दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते नजरेत धरा आणि तेवढाच तुकडा थव्यावर पुढे पुढे सरकवत जा. थवा शेकड्यांत असेल तर ५०चा तुकडा, हजारांत असेल तर १००चा किंवा ५००चा. तुकडा फक्त मधल्या दाट भागावरून ठरवला तर आकडा फुगतो आणि फक्त कडेच्या विरळ भागावरून ठरवला तर घटतो. म्हणून दोन्हीकडे एकेक तुकडा मोजून पाहा. मोठा थवा सहसा कमीच मोजला जातो, कारण मागचे पक्षी पुढच्यांच्या आड जातात आणि डोळा फक्त पुढची फळी धरतो. चिखलावर बसलेले तुतवार थोड्या उंचावरून मोजले तर हा घाटा बराच भरून निघतो. बुडी मारणारी बदकं असतील तर काही कायम पाण्याखाली असतात. पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा.

ओळीने उडत जाणारे पक्षी मोजायला एखादं झाड किंवा खांब ही रेघ ठरवा. एका मिनिटात किती रेघ ओलांडतात ते मोजा आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, कारण प्रवाह एकसारखा कधीच नसतो. संध्याकाळी रातथाऱ्यावर येणाऱ्या पक्ष्यांसाठी पाच-पाच मिनिटांचे रकाने आधीच आखून ठेवा, एक आत येणाऱ्यांचा, एक बाहेर जाणाऱ्यांचा. बाहेर जाणारे वजा करायला विसरलं की तोच थवा दोनदा मोजला जातो. दिशा वाटून घेतलेल्या दोन-तीन जणांनी हे काम एकट्यापेक्षा फार चांगलं होतं, फक्त सगळ्यांची घड्याळं आधी जुळवून घ्या.

घिरट्या घालणाऱ्या घारी, भिंगऱ्या यांना ‘आला, आला’ करत मोजत राहिलं तर आकडा वाढतच जातो. एका नजरेत एकाच वेळी जास्तीत जास्त किती दिसल्या तेवढाच लिहा. मिश्र थव्यात आधी एकूण संख्या, मग थव्याच्या वेगवेगळ्या भागांतले मिळून शंभर पक्षी एकेक ओळखायचे आणि त्या प्रमाणात एकूण वाटायचं. ओळखायला सोपे, ठळक रंगाचे पक्षीच शंभरात जास्त घेतले जातात, त्यावर लक्ष ठेवा.

आकड्यापुढे तो कसा काढला ते लिहा: मोजले, तुकड्यांनी, छायाचित्रावरून. तुकड्यांनी काढलेला आकडा ‘२३७’ असा लिहू नका, तो एकेक मोजल्याचा दावा होतो. ‘२४०, तुकड्यांनी, कमीत कमी २००, जास्तीत जास्त ३००’ ही नोंद प्रामाणिक आहे. आपला अंदाज किती चुकतो हे कळून घ्यायचा मार्ग सोपा आहे: आधी अंदाज लिहून टाका, मग थव्याचं छायाचित्र घ्या आणि घरी मोठ्या पडद्यावर एकेका पक्ष्यावर ठिपका देत मोजा. काही थवे असे तपासले की आपला कल कुठे आहे ते दिसतं आणि हळूहळू डोळा सुधारतो.

या ठिपक्यांची एक जुनी नोंद मला फार मोलाची वाटते. १८१३च्या शरद ऋतूत जॉन जेम्स ऑड्युबॉन अमेरिकेतल्या हेंडरसनहून निघाले असताना डोक्यावरून प्रवासी कबुतरांचे थवे जाऊ लागले. ते घोड्यावरून उतरले आणि जाणाऱ्या प्रत्येक थव्यासाठी पेन्सिलने एक ठिपका देऊ लागले. २१ मिनिटांत १६३ ठिपके झाले आणि मोजणं अशक्य झालं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. काय मोजलं (थवे, पक्षी नव्हे), किती वेळ मोजलं आणि कधी थांबलो, हे तिन्ही त्यात आहे. म्हणून दोनशे वर्षांनीही ती नोंद वाचता येते. त्या जातीचा शेवटचा पक्षी, मार्था नावाची मादी, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

काहीच दिसलं नाही तरी

तासभर फिरून चार कावळे आणि दोन पारवे दिसले की वही बंदच राहते. दुर्मीळ काही दिसलं तर मात्र लगेच नोंद. असं वर्षभर चाललं तर वही सांगते की इथे दुर्मीळ पक्षी भरपूर आहेत आणि कावळे जवळजवळ नाहीत. म्हणून दिसलेल्या, ऐकलेल्या आणि ओळखता आलेल्या प्रत्येक जातीची पूर्ण यादी करायची, आणि ती पूर्ण आहे असं लिहायचं. तसं लिहिलं असेल तरच यादीत नसलेल्या जातीचा अर्थ ‘नव्हती किंवा दिसली नाही’ असा धरता येतो.

मेहनतीची नोंद, म्हणजे किती जणांनी किती वेळ घालवला, याच कारणासाठी लागते. फ्रँक चॅपमन यांनी १९००च्या नाताळात शिकारीच्या स्पर्धेऐवजी पक्षी मोजण्याची कल्पना मांडली तेव्हा २५ ठिकाणी २७ जणांनी भाग घेतला. आज ती गणना हजारो ठिकाणी होते, प्रत्येक ठिकाणी सुमारे २४ किलोमीटर व्यासाचं वर्तुळ ठरलेलं असतं आणि किती गटांनी किती तास घालवले तेही नोंदलं जातं. तास माहीत नसते तर माणसं वाढली की पक्षी वाढले हे सांगणं अशक्य झालं असतं. चँडलर रॉबिन्स यांनी १९६६मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू केलेल्या विणीच्या हंगामातल्या पाहणीत तर सगळंच बांधून दिलेलं आहे: सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरुवात, एका रस्त्यावर ५० थांबे, दोन थांब्यांत सुमारे ८०० मीटर, प्रत्येक थांब्यावर बरोबर तीन मिनिटं. मोह झाला म्हणून चौथं मिनिट थांबायचं नाही.

एवढी मोठी पाहणी एकट्याने करायची गरज नाही. एकच वाट, एकच वेळ, ठरलेली २०-३० मिनिटं, आठवड्यातून एकदा, एवढं वर्षभर सांभाळलं तर लांबच्या जंगलातल्या चार फेऱ्यांपेक्षा जास्त काही हाती लागतं. कोणता पक्षी कधी आला, कधी गायला लागला, कधी गेला, हे अशाच वहीत दिसतं. इंग्लंडमधल्या नॉरफोकचे रॉबर्ट मार्शम यांनी १७३६पासून वसंताच्या खुणा लिहायला सुरुवात केली: पहिली भिंगरी कधी, कोकिळ कधी, झाडांना पालवी कधी. त्यांच्यानंतर कुटुंबाने ते काम १९५८पर्यंत चालू ठेवलं. ऋतू कसे सरकले हे तपासणाऱ्यांना त्या नोंदी आज लाखमोलाच्या आहेत.

नोंद पुढे कशासाठी वापरली जाईल हे लिहिणाऱ्याला कळत नाही. अंडी जमवणं आज गुन्हा मानलं जातं आणि ते योग्यच आहे. पण जुन्या संग्राहकांनी तारीख-ठिकाण लिहून ठेवलेली बहिरी ससाण्याची कवचं होती, म्हणून १९६७मध्ये डेरेक रॅटक्लिफ यांना दाखवता आलं की १९४७च्या सुमारास ती एकाएकी पातळ झाली. शेतात डीडीटी हे कीटकनाशक आल्याचा तोच काळ. कवचावरची तारीख नसती तर हा धागा जुळलाच नसता.

घरट्याच्या नोंदी

चोचीत काडी, चोचीत अळी, पिलांच्या विष्ठेची पांढरी पिशवी उचलून नेणारा पक्षी, एवढं दुरून दिसलं की वीण चालू आहे याची नोंद पुरी होते. घरट्याजवळ जायची गरज नाही. पक्षी ओरडू लागला, चारा चोचीत धरून घरट्यात जायचं टाळू लागला, तर तुम्ही आधीच फार जवळ आहात. तिथून मागे फिरा. वाकलेलं गवत आणि बाजूला केलेल्या फांद्या कावळ्यांना, मांजरांना घरट्याची वाट दाखवतात. चाऱ्याच्या फेऱ्या मोजायच्या असतील तर आडोशाला बसून अर्ध्या तासाचे रकाने करा आणि नर-मादी वेगळी ओळखता येत असतील तर वेगळ्या खुणा ठेवा.

घरट्याची नेमकी जागा वहीत लिहा, पण समाजमाध्यमांवर मुळीच टाकू नका. छायाचित्रातही जागेची माहिती दडलेली असते, ती काढून मगच पाठवा. संकटग्रस्त जातींबाबत तर मी म्हणेन, विणीचा हंगाम संपेपर्यंत छायाचित्रही बाहेर काढू नये.

त्याच संध्याकाळी

जोसेफ ग्रिनेल १९०८मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या संग्रहालयाचे पहिले संचालक झाले. बाहेर खिशातल्या वहीत टिपलेलं त्याच दिवशी चांगल्या कागदावर, टिकाऊ शाईने, पूर्ण वाक्यांत उतरवायचं, दिवसाचा वृत्तांत वेगळा आणि एकेका जातीची पानं वेगळी, अशी शिस्त त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना लावली. २००३पासून संशोधक त्याच नोंदी हातात घेऊन त्याच जागी परत जाऊ लागले. कॅलिफोर्नियातले पक्षी शतकापूर्वीपेक्षा ५ ते १२ दिवस लवकर घरटी करतात, हे त्या तुलनेतून निघालं.

लेसन अल्बट्रॉस जातीच्या विस्डम या मादीची गोष्ट अशीच. वर ज्यांचं नाव आलं त्याच रॉबिन्स यांनी १९५६मध्ये मिडवे बेटावर तिच्या पायात कडं घातलं. समुद्राच्या पाण्याने आणि वाळूने कडं झिजतं, म्हणून ते अधूनमधून बदललं जायचं. २००२मध्ये रॉबिन्स यांनीच तिला पुन्हा पकडलं आणि नव्या क्रमांकावरून जुना, त्यावरून त्याआधीचा, असं कागदोपत्री मागे जात गेल्यावर ती तीच असल्याचं कळलं. एका ठिकाणी जुना क्रमांक लिहायचा राहिला असता तर जगातला सगळ्यात वयस्कर माहीत असलेला रानटी पक्षी कुणालाच कळला नसता.

संध्याकाळी उतरवताना नवं काही ‘आठवलं’ तर ते कंसात आणि ‘नंतर आठवलेलं’ असं सांगून लिहा. पक्ष्याच्या स्थानिक नावाबरोबर शास्त्रीय नावही एकदा लिहा, आणि कोणत्या ओळखपुस्तकाची कोणती आवृत्ती वापरली तेही, कारण एका जातीच्या पुढे दोन जाती केल्या जातात आणि तेव्हा जुन्या नोंदीतला पक्षी नेमका कोणता हे ठरवावं लागतं. संगणकावर तक्ता करत असाल तर एका ओळीत एक जात, एका रकान्यात एकच गोष्ट: संख्या वेगळ्या रकान्यात, शेरा वेगळ्या. ‘१२ (३ पिल्लं)’ असं एकाच रकान्यात लिहिलं की बेरीज होत नाही. वहीच्या पानांची छायाचित्रं काढून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि मूळ वही फेकू नका.

वहीचं पहिलं पान मात्र सुरुवातीपासूनच राखून ठेवा. त्यावर वही कधी सुरू झाली आणि कधी संपली, कोणत्या भागातल्या नोंदी आहेत, कोणती दुर्बीण वापरली, आणि तुम्ही वापरलेल्या प्रत्येक लघुरूपाचा, प्रत्येक खुणेचा अर्थ पूर्ण लिहा. ‘सा.’ म्हणजे साळुंकी की साधारण, हे आज तुम्हाला ठाऊक आहे, वही उघडणाऱ्याला नाही.